वारंवार गरम होणारी गाडी: दोष कोणत्या क्रमाने शोधावा

पुणे–सातारा महामार्गावर खंबाटकीचा घाट आहे आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी या घाटात वाहनांची रांग लागली की बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या जागोजागी दिसू लागतात. घाटाच्या अलीकडेच आमचे गॅरेज असल्यामुळे हा एकच दोष घेऊन येणाऱ्या गाड्या आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यांतल्या बऱ्याच गाड्या त्याआधी दोन-तीन ठिकाणी ‘दुरुस्त’ होऊन आलेल्या असतात. कोणी कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बदललेले असते, कोणी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटचा मार्ग उघडणारी झडप) काढून टाकलेला असतो, तर कोणी रेडिएटरच (कूलंट गार करणारी जाळी) नवा बसवलेला असतो. गाडी केव्हा गरम होते, हे मात्र कोणी विचारलेले नसते. या उत्तरावरून निम्मे निदान होते, म्हणून आधी लक्षणे पाहू.

लक्षणे

गाडी सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत उभी असताना डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर धावू लागताच खाली येत असेल, तर संशय फॅनवर किंवा रेडिएटरच्या जाळीतून जाणाऱ्या हवेवर घ्यावा. वेगात समोरून येणारा वारा फॅनचे काम करतो, त्यामुळे फॅन बंद पडलेला असला तरी महामार्गावर तो दोष झाकला जातो.

याउलट गावात गाडी ठीक चालत असेल, पण घाटात किंवा ताशी शंभरच्या आसपास दीर्घकाळ चालवल्यावर काटा वर सरकत असेल, तर हवा पुरेशी आहे, पाणी (म्हणजे कूलंट) पुरेसे फिरत नाही, असे समजावे. आतून बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप किंवा त्याचा घसरणारा बेल्ट ही त्याची नेहमीची कारणे असतात.

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर चार-पाच किलोमीटरमध्येच काटा लाल पट्ट्यात जात असेल, तर एक तर आत कूलंट फारच कमी आहे, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा अलीकडेच कूलंट बदलताना आत हवा अडकून राहिली आहे.

गाडी ‘पाणी फेकते’ आणि गाडी ‘पाणी खाते’ या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि मेकॅनिकला सांगताना त्यांत गल्लत करू नये. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतून कूलंट उसळून बाहेर येते ते फेकणे. त्यामागे बाटलीचे किंवा रेडिएटरचे कमकुवत झाकण, उकळी किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा भाग यांच्या सांध्यातली पट्टी) शिरणारा वायू असतो. जमिनीवर थेंबही दिसत नाही, तरी दर आठवड्याला पातळी खाली जाते, ते खाणे. तेव्हा कूलंट इंजिनाच्या आत जळत असते किंवा गरम भागावर ठिबकून वाफ होऊन उडून जात असते.

आणखी एक लक्षण फसवे आहे. काटा वर चढता चढता एकाएकी खाली पडला, म्हणजे गाडी थंड झाली, असे समजून लोक पुढे निघतात. प्रत्यक्षात कूलंट इतके उतरलेले असते की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि आजूबाजूच्या हवेचे किंवा वाफेचे तापमान दाखवू लागतो. त्याच वेळी हीटर सुरू करून पाहावा. इंजिन तापलेले असताना हीटरमधून गार हवा येत असेल, तर पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही, हे नक्की. गाडी तिथेच बंद करावी.

काट्यावर फार विसंबूनही राहू नये. बहुतेक गाड्यांत काटा मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो. तापमान थोडे वरखाली झाले तरी तो मध्यावर स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. अनेक लहान गाड्यांना तर काटाच नसतो, थंड असताना निळा आणि अति गरम झाल्यावर लाल दिवा एवढेच असते. तक्रार वारंवार येत असेल, तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारे साधे ओबीडी उपकरण घ्यावे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना ते चालते आणि कूलंटचे तापमान अंशांत समोर दिसू लागले की पुढच्या बऱ्याच शंका आपोआप मिटतात. सामान्य गाडीत हा आकडा ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास खेळतो. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांवर उघडू लागतो, फॅन त्याच्या थोडे वर सुरू होतो. तापमान ११० च्या पुढे जाऊन खाली यायचे नाव घेत नसेल, तर काटा काहीही दाखवत असला तरी थांबणे योग्य.

रस्त्यात गरम झाली तर

काटा नुकताच वर सरकू लागला असेल आणि वाफ दिसत नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर व ब्लोअर जोरात लावावा आणि गाडी कडेला घ्यावी. उन्हाळ्यात हे सहन होत नाही, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असल्याने तो इंजिनाची काही उष्णता काढून घेतो. लाल दिवा लागला असेल, वाफ येत असेल किंवा कूलंट सांडलेले दिसत असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नये, कारण तापलेले अॅल्युमिनियमचे हेड एकदम आकसले की त्याला तडा जाऊ शकतो. झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडू नये. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हाताने दाबून पाहावा, तो कडक लागत असेल तर आत दाब आहे आणि झाकण फिरवताच उकळते पाणी तोंडावर येणार, हे निश्चित.

पहिली तपासणी: पातळी

रात्रभर थंड झालेल्या गाडीत, सपाट जागेवर, बाटलीवरच्या किमान आणि कमाल या खुणांच्या मध्ये पातळी आहे का, ते पाहावे. यासाठी एक पैसाही लागत नाही. पण आपल्या गाडीतली बाटली कोणत्या प्रकारची आहे, हे आधी समजून घ्यावे. काही गाड्यांत दाबाचे झाकण बाटलीवरच असते, तिथे बाटलीतली पातळी खरी असते. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला स्वतःचे धातूचे झाकण असते आणि प्लॅस्टिकची बाटली केवळ उतू गेलेले कूलंट साठवते. इथे बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती सहज होते. इंजिन थंड होताना आत निर्वात निर्माण होऊन बाटलीतले कूलंट परत ओढले जायला हवे. झाकणातला छोटा उलटा वॉल्व्ह चिकटला असेल किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर गेली असेल, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. मालक रोज बाटली पाहतो आणि समाधानाने निघतो. म्हणून अशा गाडीत, ती पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण उघडून आतले कूलंट झाकणाच्या गळ्यापर्यंत आहे का, ते पाहिल्याशिवाय ही तपासणी झाली असे मानू नये.

पातळी कमी निघाली तर भरावी, पण कमाल खुणेवर तेलकट पेन्सिलने किंवा चिकटपट्टीने आपली वेगळी खूण करून आठवडाभर रोज सकाळी पाहावे. बंद यंत्रणेतले कूलंट आपोआप आटत नाही. नळाचे पाणी भरत राहणे ही दुरुस्ती नव्हे, त्यामुळे गळती तर थांबत नाहीच, शिवाय कूलंट पातळ होत जाते. मराठवाडा-विदर्भातल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरून बसतात आणि आज गळणारी गाडी वर्षभराने बुजलेली गाडी होते. अडचणीत पिण्याचे पाणी घालून घर गाठावे, त्याला हरकत नाही, पण नंतर सगळे काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे.

कूलंट कोणते आणि किती

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न अजूनही ऐकू येतो. बर्फापासूनचे संरक्षण आपल्याला खरोखरच फारसे लागत नाही. आपल्याला त्याचे दोन उपयोग आहेत. एक म्हणजे ते आतल्या धातूंना गंजू देत नाही आणि दुसरा म्हणजे उकळबिंदू वाढवते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ अंशांवरच. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधले मूळ द्रव) असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांवर उकळते.

मात्र ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा समज खोटा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा बरेच सरस असल्यामुळे निव्वळ दाट कूलंट भरलेली गाडी उलट जास्त तापते. बाजारात तयार मिश्रण आणि पाणी घालून वापरायचे दाट कूलंट असे दोन्ही मिळतात. डब्यावर नीट वाचून घ्यावे, तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नये. दाट कूलंटमध्ये घालायला बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरावे. रंगावरून जात ओळखू नये, कारण हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपन्या आपापल्या सोयीने देतात. वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर कधीकधी आत चिकट गाळ बनतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच भरावे. कूलंट विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे काढलेले कूलंट उघड्या टपात ठेवू नये. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात.

झाकण

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो ते किती बार दाब धरते हे सांगतो. कुकरची शिट्टी सैल असली की आत दाब बसत नाही, तसेच इथे होते. चांगल्या झाकणाखाली निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो आणि झाकण निकामी झाले की तेच मिश्रण १०७ अंशांवर उकळून बाहेर पडते. घाटात तापमान काही मिनिटे १०८ ला गेले तर चांगल्या झाकणाच्या गाडीला काहीच होत नाही, दुसरी मात्र पाणी फेकते. आतला रबर कडक झाला आहे का, त्याला भेगा आहेत का, स्प्रिंग गंजली आहे का, ते पाहावे. शंका वाटली तर त्याच आकड्याचे नवे झाकण घ्यावे, काही शे रुपयांत काम होते. ‘जास्त दाबाचे चांगले’ म्हणून मोठ्या आकड्याचे बसवू नये, मग जुना होज किंवा रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटते.

गळतीच्या खुणा

गाडी थंड असताना टॉर्च घेऊन सगळे होज, त्यांच्या क्लिपा आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक व अॅल्युमिनियम यांचा सांधा पाहावा. ओली गळती क्वचितच दिसते. गरम भागावर कूलंट वाळते आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा ठेवते. क्लिपेच्या कडेला नखाने खरवडल्यावर अशी पूड निघाली, तर तिथेच गळती आहे. होज बोटांनी दाबावा. तो स्पंजासारखा मऊ लागला किंवा दाबताना आतून कुरकुर आवाज आला, तर बदलायची वेळ झाली. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर दोष होजचा नसून पुन्हा झाकणातल्या उलट्या वॉल्व्हचा आहे.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावे, यासाठी ते असते. त्या छिद्राखाली ओघळाचा डाग असेल, तर पंपाचे दिवस भरले आहेत. ते छिद्र एम-सीलने बुजवून आलेल्या गाड्याही आम्ही पाहिल्या आहेत. त्याने गळती आत वळते आणि बेअरिंग जाते, बाकी काही साधत नाही.

गाडी सीएनजीवर असेल तर एक जागा जास्तीची तपासावी. दाब कमी होताना वायू अतिशय थंड होतो, म्हणून किटच्या रिड्यूसरला उबदार ठेवण्यासाठी इंजिनाच्या कूलंटचे दोन होज तिकडे नेलेले असतात. बाहेरून किट बसवताना हे होज कापून ‘टी’ जोड टाकतात आणि त्याच्या क्लिपा सैल होऊन होणारी गळती ही अशा गाड्यांची खास व्याधी आहे. कूलंटच्या क्लिपा आपण आवळू शकतो, पण वायूच्या नळीला किंवा तिच्या जोडाला हात लावू नये, ते काम अधिकृत सीएनजी केंद्राचेच.

सीटपुढचा गालिचा ओला, काचेवर आतून तेलकट धुके आणि एसीतून गोडसर वास, अशी लक्षणे असतील, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने हे काम महाग आहे आणि घरी करण्यासारखे नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा तोडगा अनेकांच्या तोंडी असतो. बारीक भोक त्याने तात्पुरते बुजते, हे खरे आहे, आणि आडरानात अडकलेल्याने तो केला तर त्याला मी नावे ठेवणार नाही. पण हळद असो की दुकानात मिळणारी गळती रोखणारी पूड असो, ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही. हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजतात, मग रेडिएटरच्या.

बाहेरून जाळी

एसी असलेल्या गाडीत समोर दिसणारी जाळी बहुधा रेडिएटरची नसून एसीच्या कंडेन्सरची असते, रेडिएटर तिच्या मागे असतो. समोरून पाणी मारून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीतही या दोहोंच्या मधल्या फटीत धूळ, किडे, कापसाचे तंतू आणि पाला यांची गोधडी साचलेली असते. एका बाजूने वरून टॉर्च मारून त्या फटीत डोकावावे. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाड्यांत वाळलेली माती तिथे सिमेंटसारखी बसते. साध्या नळीने, कमी दाबाने, शक्य असल्यास इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाणी मारावे. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पातळ पाती वाकून उरलेला मार्गही बंद होतो. समोर लावलेले जादा दिवे, मोठे हॉर्न आणि शोभेच्या जाळ्या हवा अडवतात, त्या काढून फरक पडतो का, ते पाहायला काही खर्च नाही.

फॅन

विजेवर चालणारा फॅन इंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी आणि उपरणे दूर ठेवावे. इंजिन सुरू करून एसी लावावा. थोड्याच वेळात फॅन फिरू लागला पाहिजे. एसीवर फिरतो, पण एसी बंद ठेवून इंजिन तापल्यावर फिरत नाही, असे असेल तर मोटर ठीक असून तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर यांत दोष आहे. दोन्ही वेळी फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा, मग रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले त्याच क्रमांकाचा असतो, तो क्षणभर अदलाबदल करून पाहिला की रिलेचा निकाल लागतो. तरीही फिरला नाही तर इंजिन बंद करून, बॅटरीची ऋण तार सोडवून, फॅन बोटाने फिरवून पाहावा. तो जड लागत असेल तर बेअरिंग धरले आहे. तार परत जोडून एसी लावल्यावर फॅनच्या मोटरला लांब पान्याने हलकी टिचकी मारताच तो सुरू झाला, तर आतले कार्बन ब्रश संपले आहेत. आज टिचकीने चालेल, पण पुढच्या वेळी घाटात बंद पडेल, तेव्हा मोटर लगेच बदलावी.

काही गाड्यांत फॅनला दोन वेग असतात आणि मंद वेगासाठी वीज कमी करणारा रेझिस्टर जळतो. मग फॅन पार उशिरा, एकदम जोरात सुरू होतो. एसी रांगेत गार होत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर होतो, ही तक्रार सोबत असेल तर हाच दोष धरावा.

फॅनची मोटर कोणी बदलली असेल, तर तो उलटा तर फिरत नाही ना, हे तपासावे. फॅन चालू असताना वर्तमानपत्राचा तुकडा समोरच्या जाळीजवळ धरावा, तो जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर तारा उलट्या जोडल्या आहेत आणि फॅन समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडतो आहे. जुन्या जीप-प्रकारच्या गाड्यांत फॅन इंजिनाच्या बेल्टवर, व्हिस्कस क्लचमधून (दाट तेलाने पकड घेणारी जोडणी) फिरतो. गरम इंजिन बंद केल्यावर हा फॅन हाताने फिरवताना विरोध जाणवायला हवा. भिंगरीसारखा सुटा फिरला तर क्लचमधले तेल गेले आहे.

थर्मोस्टॅट

थंड इंजिन सुरू करून वरच्या होजवर अधूनमधून हात ठेवावा. पहिली काही मिनिटे तो गारच राहिला पाहिजे, मग तापमान ८५-९० अंशांना पोहोचताच तो झटकन गरम झाला पाहिजे. काटा लाल पट्ट्याकडे निघाला आणि होज अजून गार असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. ज्या गाड्यांत तो खालच्या होजच्या तोंडाशी असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या होजवर घ्यावी. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून गरम करता येतो. त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

इथे आमच्याच व्यवसायातल्या एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ असे सांगून तो काढून फेकणारे मेकॅनिक आजही भेटतात. त्याने दोन प्रकारचे नुकसान होते. इंजिन आवश्यक तापमानाला पोहोचतच नाही, त्यामुळे इंधन जास्त लागते, तेलातला ओलावा उडत नाही आणि झीज वाढते. दुसरे नुकसान लोकांना पटत नाही, पण ते खरे आहे. पुष्कळ गाड्यांचा थर्मोस्टॅट उघडताना आपल्या दुसऱ्या टोकाने बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा बसवावा.

अडकलेली हवा

थर्मोस्टॅट, होज किंवा कूलंट यांपैकी काहीही बदलल्यावर आत हवा राहू शकते. हवेचा फुगा हेडच्या वरच्या भागात बसला की तिथे पाणी पोहोचत नाही. गाडीला हवा काढण्याचा ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरावे. नसेल तर पुढची चाके उतारावर वर चढवून, हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडे असताना थंड इंजिन सुरू करावे आणि फॅन एकदा सुरू होईपर्यंत पातळी भरत राहावे. थंड सुरुवात केली तरच हे सुरक्षित आहे. नवे कूलंट भरल्यानंतर दोन दिवसांत पातळी थोडी उतरली तर घाबरू नये. आठवड्यानंतरही उतरत राहिली तर मात्र गळती शोधावी.

येथे थांबावे

यापुढची कामे घरी करू नयेत. वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर असेल आणि हात सरावाचा असेल तर एखादा बदलूही शकेल. पण तो टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा बेल्ट) असेल, तर बेल्टचे दात चुकले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. आतून बुजलेला रेडिएटरही तज्ज्ञाकडे न्यावा. तापलेल्या रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की बुजलेला भाग बाजूच्या भागापेक्षा स्पष्टपणे थंड दिसतो. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर टाक्या उघडून, सळई मारून साफ होत असत. आजचे प्लॅस्टिक-अॅल्युमिनियमचे रेडिएटर बहुधा बदलावेच लागतात.

हेड गॅस्केटची शंका कधी घ्यावी, हे मात्र मालकाला माहीत असावे. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच, तापमान वाढण्याआधीच, होज कडक होतो. बाटलीत थांबून थांबून नव्हे तर सतत बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर गरम झाल्यावरही येत राहतो. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसते. केवळ तेलाच्या झाकणाखालचा पिवळट फेस हा पुरावा नव्हे, हिवाळ्यात रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत तो ओलाव्यानेही होतो. यांतले एक लक्षण पक्के दिसले तरी गाडी टो करून न्यावी. ‘थांबत थांबत, पाणी घालत’ नेलेल्या गाडीत गॅस्केटच्या खर्चात वाकलेल्या हेडची भर पडते, आणि आणखी ओढली तर इंजिन सीझ (जाम) होते.

गॅरेजमध्ये गेल्यावर हेड उघडण्याआधी दोन चाचण्या मागाव्यात. पहिली प्रेशर टेस्ट. यात झाकणाच्या जागी हातपंप लावून यंत्रणेत दाब भरतात आणि तो टिकतो का, ते पाहतात. थंड इंजिनावर लपलेली गळती याने दिसते. दुसऱ्या चाचणीत बाटलीतली हवा निळ्या द्रावणातून ओढतात. इंजिनातला जळका वायू त्यात असेल तर द्रावण निळ्याचे पिवळे होते. डिझेल गाडी पाणी खात असेल आणि धूर पांढरा असेल, तर हेडच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत वळवलेला जळका वायू कूलंटने थंड करणारा भाग) तपासायला सांगावा. तो आतून फुटला तरी लक्षणे हुबेहूब गॅस्केटसारखी असतात आणि त्यासाठी हेड उतरवलेल्या गाड्या आमच्याकडे येत असतात.

हेड उतरवलेच, तर ते सरळपट्टी ठेवून मोजून दाखवायला सांगावे. पट्टीखाली किती जाडीचे फीलर पाते शिरते, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत असते आणि ती बहुधा एक दशांश मिलिमीटरहून जास्त नसते. हेड फेस करून (घासून सपाट करून) आणले तरी गाडी मुळात का तापली, ते कारण बिलावर लिहून घ्यावे. फॅनची मोटर मेलेली असताना फक्त गॅस्केट बदललेली गाडी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येते. गाडी ताब्यात घेताना एसी लावून ती वीस मिनिटे जागेवर उभी चालवावी, फॅन सुरू होऊन बंद होतो का आणि तापमान स्थिर राहते का, ते पाहावे. घरी आल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पातळी बघावी.